गुलाबीच्या आधीचा फाउल

निपाणी,
११ फेब्रुवारी २०२५

चि. नागेंद्र,

वर आशीर्वाद लिहायचा विसरलो नाही. गाळला आहे.

फोनवर तू मामाला ब्लॉक करून ठेवलंस, म्हणून हा कागद. कुरियरवाल्यानं शेफिल्ड हे नाव ऐकून विचारलं, "सौंदत्तीच्या पलीकडं काय हो?" मी म्हटलं, लई पलीकडं. तिथं गेलेल्या माणसाला घरचा नंबर लागत नाही.

यूट्यूबवरची तुझी मुलाखत आम्ही आपल्या स्नूकर हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून बघितली. मीच मोठ्या टीव्हीवर लावली, मीच सगळ्यांना चहा सांगितला. भाचा इंग्लंडात व्यावसायिक स्नूकर खेळतो म्हटल्यावर मामाची कॉलर ताठ होणारच. वेस्टकोट छान बसला होता. बोललासही छान. "आमच्या निपाणीच्या हॉलमध्ये रेफ्री नसायचा. ज्याचा फाउल त्यानं आपल्या तोंडानं 'लागला' म्हणायचं आणि टेबलापासून बाजूला व्हायचं. त्या शिस्तीत मी वाढलो." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग मुलाखत घेणाऱ्या बाईनं विचारलं, कलाटणी कुठं मिळाली? तू म्हणालास, बेळगावच्या राज्य फायनलला. "समोरचा चांगला होता, पण शेवटच्या फ्रेमला त्याचे हात कापायला लागले. मोठ्या मॅचचं काळीज सगळ्यांना नसतं."

समोरचा! नावसुद्धा घेतलं नाहीस. तो समोरचा माझ्या पाठीमागच्या बाकावर बशी हातात धरून बसला होता. बुद्धप्रिय. तुझ्याबरोबर एकाच टेबलावर शिकलेला, एकाच खडूनं क्यूचं टोक घासलेला. आता बेळगावजवळ मच्छे गावच्या कारखान्यात माल तपासतो, रविवारी घरी येतो आणि घरी जायच्या आधी हॉलवर येतो. त्यानं चहा संपवला. खुंटीवरचा आपला क्यू काढला, काउंटरवर ठेवला. "काका, ह्यो कुणाला तरी देऊन टाका. उगंच भिंतीला वजन."

"का रं?"

"माझ्यात काळीजच न्हाय म्हटल्यावर कशाला ठेवायचा?" असं म्हणून हसला आणि गेला. त्यानंतरचे रविवार तो आलेला नाही.

आता तुला तुझीच मॅच सांगतो. मोठ्या गावात राहून विसरला असशील.

शेवटची फ्रेम. टेबलावर गुलाबी आणि काळा, दोनच चेंडू उरलेले. सहा आणि सात, तेरा गुण. बुद्धप्रिय दहानं पुढं. तुला दोन्ही घालणं भाग होतं. तू वाकलास, क्यू मागं-पुढं करायला लागलास, आणि मारायच्या आधीच टोक पांढऱ्या चेंडूला लागलं. टक्. मग तू खरा शॉट मारलास. रेफ्रीनं मान वळवली होती, मागं कोणी खोकत होतं त्याच्याकडं. तू गुलाबी घातलास, काळा घातलास, क्यू डोक्यावर धरलास.

मी तरुणपण मच्छ्याला लेथवर काढलं. हत्यार बोथट झालं की डोळ्यांच्या आधी कानाला कळायचं. बेळगावच्या क्लबानं मोडीत काढलेलं टेबल घेतलं ते याच कानांच्या भरवशावर. कापडाखालच्या दगडाला तडा आहे का, ते मी टिचकी मारून सांगतो. त्या दिवशी एका शॉटला दोन आवाज झाले. पहिला फाउलचा होता.

म्हणजे सहा गुण बुद्धप्रियला आणि पाळीही त्याची. सोळाची आघाडी, टेबलावर तेरा. तो तिथं जिंकलेला होता, नागेंद्र. बेंगळुरूच्या अकादमीतली जागा एकच होती, जिंकेल त्याला. तू गेलास. तिथून नॅशनल, तिथून एशियन, तिथून टूरचं कार्ड, म्हणजे व्यावसायिक खेळायचा परवाना. चोरी केली की आपल्या जिल्ह्यात माणसाला हिंडलग्याच्या तुरुंगात पाठवतात. तुला शेफिल्डला पाठवलं.

माझं मागणं एवढंच. बुद्धप्रियला फोन कर आणि हॉलमध्ये म्हणत होतास तो एक शब्द म्हण. तुझी टूर, तुझा वेस्टकोट, तुझी मुलाखत, सगळं तुझ्याकडं ठेव.

रवळूमामा


निपाणी,
९ मार्च २०२५

नागेंद्र,

तुझं उत्तर मनुआक्काच्या फोनवर ऐकलं. आईला निरोप्या करून पाठवतोस, आणि तेही स्पीकरवर, स्वयंपाकघरात, शेजारीण भाकरीचं पीठ मागायला आलेली असताना. "मामाला सांग, वय झालंय, कानाला मशीन घाल म्हणावं." शेजारीण पीठ विसरून उभी राहिली.

माझ्या कानाची काळजी सोड. तू बोलत होतास तेव्हा पाठीमागं एक बाई कन्नडात "ऊटा आयता?", जेवण झालं का, विचारत होती. लग्नाचं आक्काला अजून सांगितलेलं दिसत नाही. मीही सांगितलं नाही. बघ, गप्प बसता येतं मला.

आणि तुझा सवाल: "ऐकलं होतं तर तवा का गप्प बसलासा?"

प्रेक्षकानं मॅचमध्ये तोंड उघडायचं नसतं. हा नियम मी केलेला नाही. प्रेक्षक ओरडला तर त्याला बाहेर काढतात, फाउल मोजत नाहीत. आणि मॅच संपल्यावर? संपल्यावर तू सांगशील म्हणून वाट बघितली. परत येताना आपण गाडीत काहीही बोललो नाही. मी गाडी चालवत होतो, तू झोपला होतास. तेव्हा "तुम्हीच मला" वगैरे जे अर्धवट बोलून तू फोन ठेवलास, ते पुन्हा आईपुढं बोलू नकोस.

आक्का माझ्यावरच उलटली. "रवळू, माझ्या पोराच्या मागं का लागलायस? तुझा भाचा न्हाय व्हय त्यो?"

"भाचा हाय म्हणूनच लिहितोय."

"मग तवा पेढं कशाला वाटलास गल्लीभर?"

बायकांना नको ते नेमकं आठवतं. पेढे आधीच सांगून ठेवलेले होते. दोघंही माझेच, कोणी जिंकला तरी वाटणारच होतो. बुद्धप्रियला पुढच्याच महिन्यात मच्छ्याला चिकटवला, तोही मीच. जुन्या साहेबाच्या घरी जाऊन बसलो होतो त्यासाठी. माझ्या वाटणीचं मी केलं आहे. आता तुझ्या वाटणीचं उरलंय.

तू म्हणतोस, एवढं असेल तर तुम्हीच सांगा त्याला. मी का सांगू? ज्याचा फाउल त्यानं सांगायचा. हॉलचा नियम हॉलच्या मालकानं मोडायचा काय?

बुद्धप्रिय परवा बसस्टँडवर दिसला. मी हाक मारली तर मान हलवून बसमध्ये चढला. त्याची आई यल्लव्वा सांगत होती, रविवारी दिवसभर झोपून असतो. "पोरगं हरलं म्हणून न्हाय हो, पाटीलबाबा. आपुन भ्यालो, असं त्येला वाटतंय. भ्याला न्हवता त्यो. मी त्येला वळखते न्हवं." तंबाखूच्या वखारीत हाडं झिजवून तिनं त्याला शिकवला. तिला काय उत्तर द्यायचं? तूच सांग.

एप्रिलात तुझी पात्रता फेरी आहे. हरलास तर टूरचं कार्ड जातंय, हे मला कळतं. हे ओझं टाकून खेळ. तुझ्या भल्यासाठी सांगतोय असं मात्र समजू नकोस.

रवळू पाटील


निपाणी,
२० एप्रिल २०२५

नागेंद्र,

आता ही दुसरी चोरी कुठून शिकलास?

मॅच बघितली. हॉल भरला होता, दारात माणसं उभी होती. शेवटची फ्रेम, तू पुढं, काळ्यावर वाकलास. आणि एकदम सरळ उभा राहिलास. रेफ्रीकडं बघून हात वर केलास, पांढऱ्याकडं बोट दाखवलंस. रेफ्रीनं काही बघितलं नव्हतं. तुझ्या सांगण्यावर त्यानं फाउल दिला. तो वेल्सचा पोरगा आला, त्यानं टेबल साफ केलं, आणि तुझं कार्ड गेलं.

कॉमेंट्रीवाला गोरा गहिवरला होता. आमच्या हॉलमध्ये तर पोरांनी बाकं बडवली. "याला म्हणतात निपाणीचा खेळाडू!" संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या स्टेटसला तू. परवा बेळगावच्या पेपरात फोटो आला, वर मथळा: "कार्ड गेले, इमान राहिले". मनुआक्कानं तो कापून देव्हाऱ्याशेजारी लावला आहे.

दुसऱ्या दिवशी मी हेडफोन लावून तो तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. आवाज पार वाढवला. टेबलाजवळ त्यांचे माईक असतात. तुझा श्वास ऐकू येतो, बुटाची करकर ऐकू येते, क्यू बोटांवरून सरकतो तेही ऐकू येतं.

पांढऱ्याला क्यू लागलेला नाही.

चेंडू हललाही नाही. क्यूचं टोक आणि चेंडू यांच्यामध्ये वाटेल तेवढी जागा होती. तू खोटा फाउल सांगितलास.

माझ्या पत्राचं उत्तर दिलंस ना हे? एक फाउल देणं लागत होतास, एक देऊन टाकलास, मिटलं? पण दिलास कुणाला? त्या वेल्सच्या पोराला! त्याचा काय संबंध? त्याला निपाणी नकाशात दाखवता येईल काय? बुद्धप्रियचं काढून घ्यायचं आणि परक्याच्या ओंजळीत टाकायचं, वर इमानाचा हार आपल्या गळ्यात घालून घ्यायचा. माझ्या हॉलमध्ये फाउल लपवणारे मी बघितलेत. नसलेला फाउल सांगणारा पहिला तूच.

आणि माझी अशी गोची केली आहेस की हे कुणाला सांगताही येत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, भाच्याचं कौतुक मामाला बघवत नाही.

बुद्धप्रियनं ती बातमी वाचली. त्यानं मला मेसेज केला: "नागेंद्र मोठा माणूस निघाला काका. मी उगंच मनात राग धरला होता."

हे वाचून मला काय झालं ते लिहीत नाही. तुला काय होतंय ते बघ.

रवळू पाटील


निपाणी,
२८ मे २०२५

नागेंद्र,

आक्काकडून कळलं की तू बेंगळुरूला परत आलास आणि एका क्लबात शिकवायला लागलास. म्हणून हे पत्र तिथल्या पत्त्यावर.

गावानं तुझा सत्कार ठरवला आहे. मारुतीराव अध्यक्ष. कमिटीच्या तीन बैठका फक्त बॅनरवर गेल्या. कन्नड वर घ्यायचं का मराठी वर? मराठी वर घेतलं तर नगरपालिका बॅनर उतरवणार, कन्नड वर घेतलं तर आपली पोरं फाडणार. शेवटी मारुतीरावांनी तोडगा काढला: वर नुसता तुझा फोटो, अक्षरं शेजारी शेजारी. तू काय केलंस यावर मात्र एकदाही चर्चा झाली नाही. ते सगळ्यांना ठाऊकच आहे.

फुलांचा गुच्छ बुद्धप्रियच्या हातून द्यायचा, हे मी सुचवलं. जुना प्रतिस्पर्धी, शोभून दिसतं. "येईल का त्यो?" मारुतीरावांनी विचारलं. मी म्हटलं, माझा शब्द तो मोडत नाही.

त्याच्या हातून गुच्छ घेताना तू कसलं तोंड करतोस ते मला पहिल्या रांगेतून बघायचं आहे. बोलायचं असेल तर माईक हातात असेल. बोलायचं नसेल तर ताप आल्याचं कळव आणि येऊ नकोस. आलास आणि गप्प बसलास, तर मात्र मी उठून बोलेन. मग वय, कान, मशीन काय ते लोक ठरवतील.

रवळू पाटील


निपाणी,
१४ जुलै २०२५

नागेंद्र,

बोललास. ठीक. पण जेवढं बोलायला सांगितलं होतं तेवढंच बोलायचं असतं.

तू माईक घेतलास, गुच्छ खुर्चीवर ठेवलास. "एप्रिलात माझा क्यू पांढऱ्याला लागलाच नव्हता. लागलता तो बेळगावच्या फायनलला. गुलाबीच्या आधी. बुद्धप्रिय, ती फ्रेम तू जिंकलतास. तू भ्याला न्हवतास." इथवर मी मान हलवत होतो. लोकांना वाटलं, तू विनयानं बोलतोयस. माझ्या मागं कोणी म्हणालं, "बघा, केवढं मन हाय!" आणि टाळ्या आधीपेक्षा जास्त पडल्या. मला हसूच आलं. म्हटलं, याला आता देवसुद्धा खोटा ठरवू शकत नाही.

तिथं खाली बसायचंस.

पण तू टाळ्या थांबायची वाट बघितलीस. "आणि मी एकटाच न्हवतो. मामा पहिल्या रांगेत होते. आत्ता बसल्यात तसंच." मग गाडीतलं काढलंस. माझाच आवाज काढून, माझ्याच ढंगात: "'पांढरा जरा हलला न्हाय काय रं?' असं मामांनी विचारलं. मी म्हटलं, न्हाय. मामा म्हणाले, 'मग झालं तर.' आणि गाणी लावली."

गाडीतलं बोलणं गाडीत राहतं, नागेंद्र. मी तुला विचारलं होतं. तू नाही म्हणालास. तू हो म्हणाला असतास तर मी काय केलं असतं, हे तुला ठाऊक नाही. ते तू विचारायचंस. पण या खेपेला टाळ्या पडल्या नाहीत. मारुतीरावांनी घाईनं राष्ट्रगीत सुरू करायला लावलं, अजून दोन भाषणं बाकी असताना.

तू मागच्या गल्लीनं गेलास. पुढचं तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून लिहितो.

मी मंडपाबाहेर चहाच्या टेबलाशी उभा होतो. बुद्धप्रिय आला. शर्टाला गुच्छाचा एक दोरा चिकटला होता.

"काका, खरं हाय व्हय?"

मी म्हटलं, "चहा घे आधी."

"तुमाला पंख्याचं बेअरिंग गेल्यालं खालच्या मजल्यावरनं कळतंय. टक् झाल्यालं कळलं न्हाय?"

"गर्दी होती रं. लोक खोकत होते."

"मला मच्छ्याला चिकटवलासा, तवा मी पेढं घेऊन आलतो तुमच्याकडं. आई पाया पडलती तुमच्या." आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मला उत्तर सापडलं असतं. "त्यो तुमच्या घरचा होता, म्हणून व्हय?"

मी त्याला सांगितलं, माझ्या हॉलमध्ये कधी कुणाला वेगळा कप ठेवला नाही. म्हटलं, तुझी आई वखारीतून येऊन माझ्या आक्काच्या शेजारी बसते. गावात दहा ठिकाणी विचार.

तो म्हणाला, "मी कपाचं इचारलं न्हाय, काका."

पेला तसाच ठेवून गेला. माझ्याकडून तेवढंच ऐकायचं होतं त्याला, असं दिसलं. तू पेरलेलं, दुसरं काय? तुला बोलायला मी लावलं म्हणून माझ्यावर सूड उगवलास. तुझं ओझं उतरवलंस आणि जाता जाता माझ्या अंगणात टाकलंस. आक्का म्हणते, "पोरगं खरंच बोललं की." तिच्याशी मी सध्या बोलत नाही.

एक बातमी तुझ्या कामाची आहे. बुद्धप्रिय पुन्हा खेळायला लागला. दर रविवारी येतो. डिसेंबरात राज्य स्पर्धा आहे, नाव घातलंय त्यानं. क्यू मी कुणाला दिला नव्हता, आतल्या खोलीत ठेवला होता. तो काउंटरवर काढून ठेवला, त्यानं उचलला. हात थांबले होते इतके महिने, तरी शॉटचा आवाज स्वच्छ आहे. एका शॉटला एक. तुझ्यापेक्षा चांगला होता तो पहिल्यापासून. हे तुला मी कधी म्हटलं नव्हतं. त्यालाही नाही.

पूर्वी तो यायचा तेव्हा स्वतःच काउंटरमागं येऊन आपल्या टेबलाचा दिवा लावायचा, माझ्या डब्यातली सुपारी खायचा, "काका, सरका जरा" म्हणायचा. आता पलीकडं उभा राहतो, गिऱ्हाइकासारखा.

"मालक, चार नंबरचा लाइट लावा."

पहिल्या दिवशी मला वाटलं, चेष्टा करतोय. काल विचारलं, "मालक कवापासनं झालो रं तुझा?"

तो खडू घासत होता. वर बघितलं नाही.

"टेबल तुमचंच हाय की," म्हणाला, आणि वाकला.

रवळू पाटील